यार्डातला दिवा आणि व्याह्याचं दुकान

कुंभार पिंपळगावात रखमाजीच्या ओट्यावर एक दिवा टांगलेला आहे. दिवा म्हणजे काही साधासुधा नव्हे, बरं का! बाहेरून हिरवी, आतून पांढरी अशी परातीएवढी पत्र्याची टोपी, आणि तिच्या पोटात चिनीमातीचा एवढा दांडगा होल्डर, की लहान लेकराची मूठ आरामात आत जावी. पंचक्रोशीत कुणाच्या घरी असला दिवा नाही. आणि गंमत अशी, की टांगल्यापासून पावणेदोन वर्षं झाली, तो एकदाही लागला नव्हता.

रखमाजी अंकुशनगरच्या साखर कारखान्यावर एकतीस हंगाम यार्डात होता. उसाच्या गाड्या आल्या की त्यांना नंबराचं टोकन द्यायचं, आणि कुणी मधेच गाडी घुसवली की त्याचा उद्धार करायचा, एवढंच काम. पण रखमाजीला विचारा, तो सांगेल की कारखाना चालायचा तो त्याच्या टोकनांवर, बाकी सगळे नुसते सह्या करायला. टोकनाच्या टपरीवर हाच दिवा होता. त्याची लेक तृप्ती लहान असताना संध्याकाळी क्वार्टरवरून बापाचा डबा घेऊन यायची आणि डबा रिकामा होईपर्यंत दिव्याखाली बसून टोकनांवरचे आकडे लावत पाढे म्हणायची. सतराचा पाढा तिला यायचा नाही. अजूनही येत नाही, पण ते सोडा.

रखमाजी रिटायर व्हायच्या वर्षी यार्डात नवे दिवे आले आणि जुने उतरवून कोपऱ्यात टाकले. निरोपाला लोकांनी शाल दिली, नारळ दिला आणि सहज विचारलं, "रखमाजी, अजून काही पाहिजे का?"

"तो दिवा द्या," रखमाजी म्हणाला.

लोक हसले. रखमाजी हसला नाही. दिवा पोत्यात घालून त्यानं एसटीतून मांडीवर घेऊन गावी आणला. कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट मागितलं म्हणून भांडणही केलं.

आता अडचण अशी झाली, की त्या होल्डरात बसणारा बल्ब म्हणजे चांगला भोपळ्याएवढा, आणि तो पेटवायला एक वेगळं जड खोकं लागतं. ते खोकं काही रखमाजीनं मागितलं नव्हतं. राहिला आपला घरगुती बल्ब, दोन पिनांचा. तो त्या होल्डरात धरला, की विहिरीत लिंबू सोडल्यासारखा दिसायचा. गावातला वायरमन कल्याण आला, वर बघितलं आणि म्हणाला, "काका, हे धूड काढून फेकू. साधा होल्डर लावू. पाच मिनटाचं काम हाय."

"तुझं मुंडकं काढून दुसरं लावलं तर तू कल्याण राहशील का?" रखमाजीनं विचारलं.

कल्याण पिशवी उचलून गेला तो परत त्या गल्लीत फिरकला नाही.

मग रखमाजीनं स्वतःच उद्योग आरंभला. बाभळीची खुंटी तासून तिला आटे पाडायचा प्रयत्न केला, तर बोट तासलं गेलं. सायकलीच्या ट्यूबच्या पट्ट्या बल्बला गुंडाळल्या, तर बल्ब बसला झकास, पण रबरातून वीज जात नाही हे रखमाजीच्या ध्यानात यायला दोन दिवस लागले. दोन दिवस तो बटणालाच शिव्या देत होता. माणूस हुशार होता हो, नाही असं नाही. पण हुशारी यायची ती एसटीसारखी, तास-दीड तास उशिरा.

आणि मग झालं ते फिरकीच्या तांब्याचं प्रकरण.

रखमाजीच्या आईचा एक छोटा पितळी तांब्या होता, गळ्याला आटे आणि वर फिरकीचं झाकण. प्रवासात पाणी सांडू नये म्हणून. हा तांब्या रखमाजी फक्त एका गावाला जाताना काढायचा, ते म्हणजे जालना. कारण तीन वर्षांपूर्वी तृप्तीला जालन्यात मस्तगडला दिली होती. आणि रखमाजीच्या घराची रीत अशी, की लेकीच्या घरचं काही घ्यायचं नाही. जेवण तर नाहीच, पाणीसुद्धा नाही. तिला लेकरू झालं, ते रांगत येऊन आजोबाच्या मांडीवर बसलं, की मग पुढचं पुढं. हल्ली असलं कोण पाळतं? पण रखमाजीचा बाप भर वैशाखात लेकीच्या, म्हणजे रखमाजीच्या बहिणीच्या, तुळजाबाईच्या घरून तहानेला परत आला होता आणि शिवेवरच्या विहिरीवर पालथा पडून पाणी प्याला होता. ही गोष्ट घरात इतक्या कौतुकानं सांगायचे, की रखमाजीची काय बिशाद ती रीत मोडायची! म्हणून तो व्याह्याकडं जाताना आपलं पाणी आपल्या तांब्यात घेऊन जायचा.

तर एका सकाळी त्या तांब्याच्या गळ्याचे आटे बघून रखमाजीच्या डोक्यात आलं, की अरे, हे तर बराबर त्या होल्डराच्या मापाचे! तांब्या वर आट्यात बसवायचा आणि बुडाला छोटा होल्डर लावायचा, झालं! त्यानं घरातला मेन स्विच बंद केला, स्टुलावर चढला आणि झाकण काढून तांब्याचा गळा होल्डरात घालून फिरवला. अडीच आटे गेला. मग पुढं जाईना. मग मागं येईना.

दोन दिवस तांब्या ओट्यावर लोंबकळत होता.

समोरचा आबाराव, रखमाजीचा लहानपणापासूनचा दोस्त आणि जन्माचा वैरी, आपल्या दारातून ओरडला, "रखमा, अभिषेकाची गळती तर बराबर बांधलीस, खाली पिंड कवा बसवतूस?" गल्लीतल्या केशरबाईला कमी दिसतं. तिनं खरोखरच येऊन तांब्याखाली बेलाची तीन पानं ठेवली आणि हात जोडून गेली. शेवटी रखमाजीची बायको नंदाबाई स्टुलावर चढली. घट्ट बांगडी काढताना हाताला लावतात तसा साबणाचा फेस करून तिनं आट्यांना चोपडला आणि तांब्या गर्रकन फिरवून काढला. त्याच्या गळ्याला मात्र एक चांगला ठसठशीत ओरखडा पडला.

खाली उतरून, पदराला हात पुसत नंदाबाई म्हणाली, "आता माझं ऐका. येत्या आयतवारी तृप्ती येऊन राह्यली. संगं व्याही येऊन राह्यले. विजेच्या सामानाचे दुकानदार ते, अन् आपल्या ओट्यावर हा आंधळा दिवा! मला तोंड दाखवायला जागा ठेवता का न्हाई?"

"लागंल की."

"आयतवारी दिवेलागणीला लागला, तर लागला. न्हाई लागला, तर सोमवारी सकाळी ही टोपी काढून म्या कोंबडीच्या पिल्लांवर झाकणार. डालगं मोडून महिना झाला. रोज एक पिल्लू कावळा नेऊन राह्यला."

"अगं, एकतीस वर्षं त्या दिव्याखाली..."

"पिल्लं पण त्याच्याखालीच बसतील," नंदाबाई म्हणाली आणि चुलीकडं गेली.

नंदाबाई बोलली की करते. रखमाजीला हे पस्तीस वर्षांच्या संसारातून पाठ झालं होतं. त्या रात्री त्याच्या घशाखाली भाकर उतरेना. तुम्ही म्हणाल, एका पत्र्याच्या टोपीसाठी एवढं काय? अहो, त्या माणसानं आयुष्यात दुसरं काही मिळवलंच नव्हतं. जमीन भावांत वाटून अडीच एकर, पगार संसारात गेला. कारखान्यावर त्याचं नाव आता कुणी घेत नाही. तो दिवा तेवढा सांगू शकत होता, की इथं रखमाजी बसायचा. आणि त्याच्यात कोंबड्या बसणार म्हटल्यावर त्याला रडूच यायला लागलं.

शुक्रवारी सकाळी तो एसटीनं अंबडला गेला. तिथं विजेच्या सामानाची तीन दुकानं धुंडाळली. तिन्ही ठिकाणी त्यानं मापासाठी म्हणून पाण्यासकट सोबत आणलेल्या फिरकीच्या तांब्याचा गळा दाखवला आणि तिन्ही ठिकाणी एकच उत्तर मिळालं. "बाबा, असला जोड आमच्याकडं न्हाई. जालन्याला मस्तगडला धर्मराजशेठचं दुकान हाय. असल्या वस्तू असल्या तर तिथंच."

धर्मराजशेठ म्हणजे कोण? तृप्तीचा सासरा! रखमाजीचा सख्खा व्याही!

रखमाजी स्टँडवरच्या बाकड्यावर मटकन बसला. व्याह्याकडं जाऊन वस्तू मागायची? धर्मराज पैसे घेणार नाही. "व्याह्याकडून पैशे घेऊ व्हय?" म्हणेल, दोन चार बल्ब वरून देईल. म्हणजे लेकीच्या घरचं फुकट घेतलं. वर गेल्यावर बापाला काय तोंड दाखवायचं? आणि नाही मागायचं, तर कोंबड्या.

अर्धा तास विचार केल्यावर त्याची हुशारी येऊन पोचली. धर्मराज रोज दुपारी एक ते चार घरी जाऊन झोपतो, हे रखमाजीला माहीत होतं. जावई अंगद दुपारी ऑर्डरी घेत फिरतो. म्हणजे दुकानात नोकर असणार. त्याच्याकडून रोख पैसे देऊन वस्तू घ्यायची, अनोळखी गिऱ्हाईक म्हणून! बिलकुल सोपं काम. तरी सावधगिरी म्हणून रखमाजीनं पांढरी टोपी काढून खिशात घातली, गमछा डोक्यावरून तोंडाला असा गुंडाळला की फक्त डोळे उरले, आणि डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशनात मिळालेला काळा चष्मा चढवला. पानटपरीच्या आरशात त्यानं स्वतःला बघितलं, तर त्याला स्वतःलाच ओळख पटेना. पानवाला मात्र जरा मागं सरकला.

अडीच वाजता तो मस्तगडच्या दुकानापाशी पोचला. ऊन रणरणत होतं. बाहेर कुणी नाही. रखमाजी आत शिरला, हातातलं ओझं काउंटरवर ठेवलं आणि वर बघितलं.

गल्ल्यावर तृप्ती बसली होती.

परत फिरावं तर उशीर झाला होता. ती उठून उभी राहिली होती. म्हणाली, "काय पाहिजे?"

आवाज! गमछ्यानं तोंड झाकलं, आवाज कुठं झाकायचा? मराठीत एक शब्द बोललो तर पोरगी ओळखणार. मग त्याला यार्डातले मुसलमान ट्रक ड्रायव्हर आठवले, त्यांची बोली आठवली, आणि त्यानं आवाज खोल विहिरीतून काढावा तसा काढला.

"हमकू एक जोड होना."

तृप्तीनं त्याच्याकडं बघितलं. मग काउंटरवर बघितलं. मग परत त्याच्याकडं. मग ती एकदम खाली वाकली आणि काउंटरच्या मागं बराच वेळ काहीतरी शोधत राहिली. तिचे खांदे हलत होते. दुकानात धूळ फार, पोरीला खोकला झाला असेल, असं रखमाजीला वाटलं आणि काळजीही वाटली.

वर आली तेव्हा तिचा चेहरा अगदी सरळ होता, फक्त डोळे ओले होते. "कैसा जोड होना, चाचा?"

"वो... बडे होल्डर में बारका बल्ब बसाने का."

"कितना बडा होल्डर?"

"लेकरू का मुठ्ठी अंदर जाताय."

एवढ्या मोठ्या दुकानात शेकडो खोकी. पण तृप्तीनं एकही खण उघडला नाही. गल्ल्याच्या शेजारीच एक डबी होती, ती उचलून तिनं समोर ठेवली. आत दोन तुकडे होते, एक मोठा आट्यांचा, एक धाकटा. "ये बडा वाला होल्डर में फिराने का. उसमें ये छोटा. और इसमें अपना पिन का बल्ब. समझे?"

"समझ्या."

किंमत ऐकून रखमाजीनं तोंड वाकडं केलं. गमछ्याआड ते कुणाला दिसलं नाही. पण घासाघीस न करणारं गिऱ्हाईक संशयास्पद, म्हणून तो म्हणाला, "कुछ तो कम करो."

"एक पैसा कम नै होता, चाचा. हम पाव्हण्याकू भी कम नै करते."

शाब्बास गं माझी वाघीण, रखमाजी मनात म्हणाला आणि नोटा मोजून दिल्या.

"धूप में आए. पानी पियोगे?"

"नै नै! हमारा पानी हमारे पास है," रखमाजी घाईघाईनं म्हणाला. आणि खरंच तहान लागली होती, म्हणून त्यानं काउंटरवरचं आपलं ओझं उचललं, फिरकी फिरवून झाकण काढलं, लेकीकडं पाठ केली, गमछा वर सारला आणि घटाघटा पाणी प्याला. पितळी तांब्या उन्हात लखलखत होता. गळ्यावरचा ओरखडासुद्धा चांगला दिसत होता. तृप्ती पुन्हा काहीतरी शोधायला काउंटरखाली गेली.

"बिल पे नाम क्या लिखूं?" खालूनच आवाज आला.

नाव! नावाचा विचारच केला नव्हता! रखमाजीला घाम फुटला, आणि तोंडाला आलं ते नाव त्यानं देऊन टाकलं. "आबाराव."

"आबाराव?"

"आबारावभाई," रखमाजी म्हणाला.

बिल घेऊन तो दुकानाच्या पायऱ्या उतरला, आणि चार पावलांवर त्याला एकदम कसंतरी झालं. तीन महिन्यांनी पोरगी दिसली होती. जरा वाळल्यासारखी वाटली का? कशी हायेस बाई, एवढं तरी विचारावं, पाठीवरून हात फिरवावा, असं फार वाटलं. पण आबारावभाईला तसं विचारता येत नव्हतं. तो तसाच नाक ओढत स्टँडवर गेला.

रविवारी सकाळी रखमाजीनं मेन स्विच बंद केला, स्टूल आणलं आणि मोठा तुकडा होल्डरात धरून फिरवला. काय सांगू महाराजा, लोण्यात सुरी जावी तसा गेला! त्यात धाकटा, त्यात नऊ वॅटचा पिनचा बल्ब. त्या अगडबंब टोपीत बल्ब एवढासा दिसत होता खरा, पण बसला होता पक्का.

"लावून तर बघा," नंदाबाई म्हणाली.

"आत्ता न्हाई. दिवेलागणीलाच."

"अन् हा जोड आणला कुठून?"

"अंबडहून," रखमाजी म्हणाला आणि शेतात निघून गेला.

चारच्या सुमाराला पाहुणे आले. जावई नव्हता आला, दुकान बघायला राहिला होता. धर्मराज म्हणजे गोरापान, पोट सुटलेला, सदा हसतमुख माणूस, उतरल्या उतरल्या म्हणाला, "कसं काय, व्याही? ऊस काय म्हणतो?" तृप्ती बापाच्या पाया पडली. रखमाजीनं तिच्याकडं बघायचं टाळलं. चहा झाला, पोहे झाले. पोह्यांचा वास आला म्हणून न बोलावता आबारावही येऊन ओट्याच्या कडेला बसला आणि बशीत चहा ओतून घेतला. मधूनमधून नंदाबाई ओट्याच्या कोपऱ्यात पिल्लांना दाणे टाकत होती आणि दिव्याच्या टोपीकडं बघून बोटांनी मापं घेत होती. रखमाजीला ते दिसत होतं.

दिवस मावळला. देवापाशी नंदाबाईनं निरांजन लावलं आणि बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"लावा," ती म्हणाली.

रखमाजी उठला. डोक्यावरची टोपी नीट केली. बटणापाशी गेला. त्यानं डोळे मिटले आणि बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. वर, खाली, वर, खाली. अंधार आपला तसाच. नंदाबाईनं पिल्लांकडं बघितलं. आबाराव म्हणाला, "लेका, बटणाला आटे पाडायचे राह्यले काय?" रखमाजीचा चेहरा पांढराफटक पडला. आता हातपाय गाळून तो खाली बसणार, एवढ्यात आतून तृप्तीचा आवाज आला.

"आप्पा, मेन बंद हाय! सकाळपासून घरातली एकबी लाईट लागली न्हाई का तुमच्या?"

तिनं मेन चालू केला, आणि फटकन ओट्यावर लख्ख उजेड पडला. आणि काय उजेड! बल्ब नऊ वॅटचा, पण टोपी पांढरी. सगळा ओटा, अंगण, आबारावाचं दार, दारातलं त्याचं गाढ झोपलेलं कुत्रं, सगळं उजळलं. दिवेलागणीला उजेड झाला की हात जोडायचे, ही सगळ्यांचीच सवय. रखमाजीनं जोडले, नंदाबाईनं जोडले, धर्मराजनं जोडले. आबारावानं चौथ्या चहाची बशी खाली ठेवून जोडले आणि लगेच परत उचलली. "हाव, लागला बरं का!" तो म्हणाला. वैरी असला तरी दोस्त होता.

धर्मराज मात्र हात जोडलेलेच ठेवून वर बघत राहिला. दुकानदाराचा डोळा तो. "व्याही," तो म्हणाला, "तो जोड आमच्या दुकानातला हाय."

"असंल," रखमाजी म्हणाला. "बाजारात कुठंबी मिळतो."

"कुठं मिळतो? अहो, असला जोड जालन्यात कुणी घेत न्हाई! म्या कधी ठेवलाबी न्हाई. सूनबाईनं पुण्याहून मुद्दाम मागवला. दीड वरीस गल्ल्याजवळ पडून होता. म्या दहा वेळा म्हणलं, परत पाठव, ह्याला गिऱ्हाईक न्हाई. तर म्हणे, 'मामा, ऱ्हाऊ द्या, एक गिऱ्हाईक येणार हाय.' रोज त्या डबीवरची धूळ पुसायची. अन् परवा शुक्रवारी आलं की हो गिऱ्हाईक! बिलाच्या पुस्तकात म्या नाव वाचलं. कोण ते... आबारावभाई."

आबारावाच्या नाकातून चहा आला. "कोण?"

"आबारावभाई."

"म्या? अहो, म्या दिवाळीला जालन्याला गेल्तो, त्याच्यानंतर तिकडं पाय ठेवला न्हाई! अन् भाई कवापासून झालो म्या?"

नंदाबाई दोरीवर वाळत घातलेल्या गमछ्याकडं बघत होती. मग तिनं कोनाड्यातल्या काळ्या चष्म्याकडं बघितलं. मग नवऱ्याकडं. "अंबडहून का?" ती हळूच म्हणाली.

पण रखमाजीचं तिकडं ध्यान नव्हतं. तो तृप्तीकडं बघत होता. ती दिव्याखाली उभी होती, बराबर टोपीच्या मधोमध, लहानपणी डबा घेऊन उभी राहायची तशी, आणि वर बघून हसत होती. दीड वर्ष. म्हणजे दिवा टांगून दोन-तीन महिनेसुद्धा झाले नसतील, तेव्हापासून ही पोरगी तिकडं डबीची धूळ पुसत होती, आणि हा इथं खुंट्या तासत होता.

"मला सांगितलं कामून न्हाई?" रखमाजीनं विचारलं. आवाज आता खरोखरच विहिरीतून आल्यासारखा आला.

"सांगून काय केलं असतं तुमी? म्या आणून दिला असता, तर घेतला असता का, आप्पा?"

रखमाजीनं खोटं बोलायचा प्रयत्न केला. जमलं नाही. "न्हाई," तो म्हणाला.

"मंग?"

तृप्तीची प्रवासाची पिशवी ओट्यावर अजून तशीच पडली होती आणि तिच्या कप्प्यात पाण्याची एक बाटली होती, अर्धी भरलेली. रखमाजीनं तिकडं बोट केलं. "ती बाटली कुठं भरलीस?"

"घरी. मस्तगडला."

"आण इकडं."

"आप्पा, ते पाणी आमच्या घरचं..."

"आण म्हणलं ना!"

त्यानं बाटली घेतली, झाकण काढलं, आणि व्याह्यासमोर, बायकोसमोर, आबारावासमोर, आपल्या एकतीस वर्षांच्या दिव्याच्या उजेडात उभा राहून सगळं पाणी प्याला. एक थेंब ठेवला नाही. नंदाबाईनं तोंडाला पदर लावला. धर्मराजला नक्की काय झालं ते कळलं नाही, पण काहीतरी मोठं झालं एवढं कळलं, आणि तो उगाचच टोपी काढून पुन्हा घालत राहिला. रखमाजीनं गमछा ओढून डोळे पुसले. पाणी कोमट होतं, बाटलीला प्लास्टिकचा वास होता, पण बापाला आता काय सांगायचं ते वर गेल्यावर बघू, असं त्यानं ठरवून टाकलं.

तृप्तीनं रिकामी बाटली त्याच्या हातातून घेतली. तिचे डोळे भरून आले होते, पण चेहरा दुकानातल्यासारखाच सरळ होता.

"और पियोगे, चाचा?" ती म्हणाली. "और है हमारे पास."